आधी भोपळा, मग तंबोरा

दिवाळी उलटल्यावर मी सांगलीला आत्याकडे गेले. उरलेली कडबोळी हे निमित्त. खरं कारण तिच्या माळ्यावर होतं: आजीचा शिसवी पाट. पंगतीच्या सहा पाटांतला हा शेवटचा, बाकीचे पाच वाटण्यांत गेले. मला तो कापायचा होता. हे आत्याला कसं सांगायचं याची एसटीत दोनदा तालीम केली होती, आणि चहाच्या पहिल्या घोटाबरोबर ती सगळी गिळून टाकली.

"कापायचाय? कशाला?"

"उकुलेले करून घेतेय. गोव्यात एक ल्युथियर आहे, त्याच्याकडून. पडदे बसवायच्या पट्टीला शिसवी लाकूड लागतं. जुनं, मुरलेलं मिळालं तर सोन्याहून पिवळं, असं म्हणाला."

"ल्युथियर म्हणजे?"

"तंतुवाद्यं घडवणारा. ल्यूट नावाचं वाद्य होतं, त्यावरून."

"मग सतारमेकर म्हण ना. आमच्या मिरजेत ते आडनाव आहे."

आत्या अडुसष्ट वर्षांची आहे. चाळीस वर्षं गाणं शिकवलंय आणि मिरजेच्या कारागिरांच्या गल्लीत माहेरासारखी वावरलीय. हाताने घडवलेल्या वाद्याची बाजू घेणारं आमच्या घरात कुणी असेल तर तीच, या भरवशावर मी आले होते. तिने पुढचा प्रश्न विचारला आणि भरवसा डळमळला.

"किती?"

"ऐंशी हजार. अर्धे आगाऊ. चौदा महिन्यांनी हातात येईल."

"आणि आत्ताचं तुझं केवढ्याचं आहे?"

"चार हजाराचं."

"चार आण्याची कोंबडी," ती म्हणाली आणि मसाल्याचा आकडा माझ्यावर सोडून तिने कडबोळ्याचा तुकडा मोडला.

मी तिला इतिहास सांगायला घेतला. ऑगस्ट 1879 मध्ये रेव्हन्सक्रॅग नावाचं जहाज होनोलुलूच्या बंदराला लागलं. अटलांटिकमधल्या मदेरा बेटावरची चारशेहून जास्त पोर्तुगीज माणसं त्यात होती, हवाईच्या उसाच्या मळ्यांत राबायला आलेली. त्यांत तीन सुतार होते: नुनेस, दियास आणि एस्पिरितो सांतो. काही वर्षांतच तिघांनी होनोलुलूत आपापली दुकानं मांडली आणि मदेरातली मशेत नावाची चिमुकली गिटार तिथल्या कोआ लाकडात करायला लागले. राजा कालाकाउआला ती आवडली, दरबारात वाजली, आणि बेटांनी तिला आपलं नाव दिलं. उकु म्हणजे पिसू, लेले म्हणजे उडी.

"उडती पिसू," आत्या म्हणाली. "म्हणजे हे ऊसतोडीला आलेल्या माणसांचं वाद्य. पाटीत टाकावं, बांधावर बसून वाजवावं. त्यात ऐंशी हजार घालणं म्हणजे कोयत्याला चांदीची मूठ."

"तंबोरा तरी कुणी केला, आत्या? शिकलगारांनी. तलवारींना धार लावणारी माणसं. संस्थानांतल्या लढाया संपल्या, पोट भरेना, म्हणून त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी मिरजेत सतारीला हात घातला. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी. तूच सांगितलंयस मला."

"सांगितलंय. पण तंबोरा गाण्यासाठी आहे. हे कशासाठी आहे?"

"गाण्यासाठीच."

"तू गातेस?"

याला मी उत्तर दिलं नाही.

विषय बदलायचा म्हणून मी 1915 वर आले. त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोला मोठं प्रदर्शन भरलं, हवाईच्या दालनात उकुलेले वाजलं आणि अमेरिकेला त्याचं वेड लागलं. मुख्य भूमीवरचे कारखाने धडाधड उकुलेले काढू लागले. होनोलुलूचे कारागीर घाबरले. आपलं वाद्य ओळखू यावं म्हणून ते त्यावर 'टाबू' असा छाप मारू लागले: हे हवाईतच झालंय, याची खूण. पुढच्याच वर्षी सॅम्युअल कामाकांनी होनोलुलूत आपली कार्यशाळा काढली. ती आजही त्याच घराण्याकडे आहे.

"आपल्याकडेही झालंय की ते. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पेढे वाटले गल्लीत." ती थांबली. "चांगलंच झालं. पण शिक्का पाहून तंबोरा घेणारा माणूस मला अजून भेटायचाय."

मग तिने तिचा तंबोरा काढला. म्हणजे त्याची गोष्ट. तंबोरा तिच्याकडे आता नाही, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. कोपऱ्यात गवसणीत असतो तोच तो, असं मी धरून चालले होते.

"1981 साली करायला टाकला होता. मी चोवीस वर्षांची. गुरुजींचा तंबोरा मर्दानी होता, हा एवढा भोपळा, मांडीवर घेतला तर माणूस मागे दिसायचा नाही. मला तसाच हवा होता. जनानी तंबोरा म्हटलं की माझं डोकं फिरायचं. बायकांचं म्हणजे सगळं लहानच का? तर मी कारागिराला मापं दिली. गुरुजींच्या तंबोऱ्याची, सुतळीने मोजून घेतलेली. भोपळ्याचा घेर, दांडीची लांबी. तबलीवर कुठली नक्षी तेही. त्याने विचारलं, ताई, पट्टी कोणती तुमची? मी म्हटलं, तुम्हाला काय करायचंय? मापं दिलीत ना."

"मग?"

"मग काय. सांगितलं तस्संच त्याने दिलं. त्याचाच मला राग आहे."

मर्दानी तंबोरा साधारण काळी एकच्या आसपास बोलतो. आत्या गायची काळी चारमध्ये. तेवढ्या वर नेलं की तारा तुटायच्या. पातळ तारा चढवल्या तर टिकायच्या, पण नाद पत्र्याच्या डब्यासारखा. जवारी तीनदा काढून घेतली, घोडी बदलली, घोडीवरच्या दोऱ्याचे सगळे प्रयोग झाले. वाद्यात दोष नव्हताच. नऊ वर्षं तिने त्याच्याशी झुंज दिली. अखेर कोल्हापूरच्या एका गायकाला विकला, तो काळी एकमध्ये गाणारा होता. "त्याच्या घरी ऐकला मी तो. अगं, नुसता गुंजत होता. रडू आलं मला. नऊ वर्षं त्याचा गळा धरून बसले होते."

कोपऱ्यातला जनानी तंबोरा तिने पुढे जुना घेतला, कुणाच्या तरी घरी धूळ खात पडलेला, दोन तारा छेडून पाहून. रियाजाला बऱ्याचदा तर इलेक्ट्रॉनिक तानपुरा. तो बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी 1979 मध्ये बनवला. जुन्या गायकांनी त्याला नाकं मुरडली आणि सगळ्यांनी गुपचूप घेतला, असं ती डोळे मिचकावून म्हणाली.

"म्हणून सांगते. तयार वाद्यं दुकानात दहा वाजवून बघता येतात. आवडलं ते उचललं. कारखाना तुझा हट्ट ऐकत नाही, हे त्याचे उपकार समज. करून घेतलेल्या वाद्यात मात्र आपला शहाणपणा कायमचा चिकटवला जातो. सरसाने."

आता हे माझ्याच मनातलं कुणीतरी बोलून दाखवावं तसं होतं, त्यामुळे मी जास्त जोरात भांडले.

माझं म्हणणं असं. उकुलेलेची तबली दोन मिलिमीटरच्याही आत असते. लाकूड हे लाकूड असतं, एकाच ओंडक्यातल्या दोन फळ्या एकसारख्या वाजत नाहीत. एक ताठ असते, एक लवचीक. कारखान्याला रोज शेकडो नग काढायचे असतात, त्यामुळे सगळ्या फळ्यांना एकच जाडी. आणि ती सगळ्यांत दुबळ्या फळीलाही झेपेल अशी, म्हणजे थोडी जास्तच, कारण तबली फुगली, घोडी उपटली, तर वाद्य परत येतं आणि खर्च कंपनीच्या डोक्यावर. परिणाम काय, तर बहुतेक वाद्यं गरजेपेक्षा धट्टीकट्टी आणि मुकी. हाताने करणारा फळी दोन बोटांत लोंबती धरतो, पेराने टकटक करतो, रंधा मारतो, पुन्हा टकटक. आतल्या आडव्या पट्ट्याही तसाच तासत जातो. फळी बोलायला लागली की थांबतो. "किती जाडीवर थांबणार, असं मी विचारलं त्याला. तर म्हणाला, ते मला आधी सांगता येणार नाही, फळी सांगेल."

आत्या काहीच बोलली नाही. जिंकल्यासारखं वाटून मी शेवटचं कडबोळं घेतलं.

"आणि तू काय सांगितलंस त्याला?" तिने विचारलं.

मी यादी पाठवली होती. फोनमध्ये होती, तिने वाचायला लावली. तेवीस कलमं. तारेची लांबी सतरा इंच, म्हणजे टेनर. तबली, बगला आणि पाठ, तिन्ही हवाईच्या कोआची. वरच्या पडद्यांवर बोट पोचावं म्हणून एका बाजूला खांदा कापलेला. बगलेत कानाच्या दिशेने जादा भोक. पट्टीला किंचित बाक. चौथी तार खर्जातली. सोनेरी खुंट्या. बाराव्या पडद्यावर शिंपल्याची नथ.

"नथ?"

"शिंपल्याची. नक्षीकाम असतं ना, तसं."

"वाद्याला नथ घालणार." ती चष्मा काढून पुसायला लागली. हसू आवरायला ती नेहमी चष्मा पुसते. "तो बिचारा म्हणतो फळी सांगेल, आणि तू त्याला तेवीस कलमी फर्मान पाठवलंस. मी काय वेगळं केलं होतं गं? माझी सुतळी, तुझा फोन."

माझंच हत्यार माझ्यावर उलटलं होतं. मी म्हटलं, निदान लाकूड तरी मी निवडायला नको का?

"भोपळे कुठून येतात ठाऊक आहे? पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. वेलावर वाढतात, मग महिनोन्‌महिने वाळतात. कारागीर आधी भोपळा उचलतो, फिरवून बघतो, वाजवतो, आणि मग ठरवतो दांडी केवढी घ्यायची. आधी भोपळा, मग तंबोरा. माझ्या मापाचा भोपळा मिळेना म्हणून त्याने चार महिने जास्त घेतले होते. तेव्हाच समजायला हवं होतं मला."

इथे मला कबूल करावं लागलं की गोव्याहून उत्तर आलं होतं आणि मला ते फारसं आवडलं नव्हतं. त्याने लिहिलं होतं: कोआ मागवता येईल, पण महाग पडेल, आणि आलेली फळी कशी निघेल ते हातात आल्यावरच कळणार. माझ्याकडे आंबा आहे, वादळात पडलेल्या झाडाचा, सहा वर्षं वाळलेला.

आता आत्याला चष्मा पुसूनही हसू आवरेना. "आंबा! अगं आंब्याची खोकी करतात! होमाला समिधा नेतात!"

आणि मजा बघा, ज्या आंब्यावर मी आठवडाभर नाराज होते त्याची बाजू मीच घ्यायला लागले. हवाईतले कारागीर आंब्याची उकुलेले करतात आणि लोक हौसेने घेतात. त्यात कधी सोनेरी लाटा असतात, कधी बुरशीने ओढलेल्या काळ्या रेषा, चिनी शाईने काढल्यासारख्या. नाद कोआपेक्षा थोडा मऊ. आणि कोआ म्हणजे तरी काय? बाभळीचीच जात. कोकणात वनखात्याने रस्त्याकडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ असते ना, तिची बहीण. ती हवाईत उगवली म्हणून राजघराण्यातली झाली.

"मग घे ना आंबा," आत्या म्हणाली. "तुझं तुलाच पटलंय."

त्याच्या पत्रात अजून एक गोष्ट होती. यादीबद्दल त्याने अक्षर काढलं नव्हतं. त्याऐवजी म्हटलं होतं, दहा मिनिटं वाजवून पाठवा, फोन टेबलावर ठेवून, मधे कापू नका, चुकलं तरी चालेल. आणि डाव्या हाताचा फोटो, मोजपट्टीशेजारी ठेवलेला. आणि वाद्य पुण्यात कुठल्या खोलीत राहणार? पावसाळ्यात तो पेटी बंदच करत नाही. हवेतला ओलावा पन्नास टक्क्यांच्या खाली आणलेल्या खोलीत चिकटवतो, नाहीतर जुलैत फुगलेली फळी जानेवारीत आकसून तडकते.

"आणि पाठवलंस?"

"रेकॉर्ड केलंय. पाठवलं नाहीये. बरं नाही झालं."

"लाव."

दहा मिनिटं आत्या डोळे मिटून ऐकत होती. पंखा घरघरत होता. मधे कुकरची एक शिट्टी. ते ऐकताना मला पहिल्यांदाच जाणवलं की मी किती हळू वाजवते. रात्री साडेदहानंतर, शेजारच्या खोलीत सासूबाई झोपलेल्या असताना, वर्षानुवर्षं अंगठ्याच्या गादीने वाजवल्याचा तो परिणाम. मी गुणगुणतही होते. आत्याने भुवई उचलली, पण त्यावर काही बोलली नाही.

"तिसऱ्या पडद्यावर चढतंय," संपल्यावर ती म्हणाली.

"तेच तर! खुंट्यांजवळची पट्टी उंच आहे. तार दाबताना ताणली जाते आणि सूर चढतो. स्वस्तातल्या वाद्यांचा नेहमीचा रोग. हा माणूस ते केसाइतकं घासून बसवेल."

"बसवेल. पण गंधार चढाच राहणार बरं का. तुमचे पडदे पेटीसारखे, सगळी अंतरं सारखी वाटलेली. ऐंशी हजार दे नाहीतर आठ लाख. तंबोऱ्यात आपोआप बोलतो त्या गंधाराच्या वरच तुझा गंधार असणार." हे खरंय. समान वाटणीतला शुद्ध गंधार स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे चौदा सेंट वर असतो, म्हणजे अर्ध्या सुराचा सातवा हिस्सा. जगातला कुठलाही ल्युथियर ते पुसू शकत नाही, आणि उकुलेलेवाल्यांना ते खटकतही नाही. मी म्हटलं, मला नाही टोचत. ती म्हणाली, मला टोचतं. हा विषय तिथेच राहिला, आणि माझ्या मते तो असाच राहील.

मग तिने एकेक कलम घ्यायला लावलं. "वर हात पोचावा म्हणून खांदा कापायचाय म्हणतेस. दहा मिनिटांत तू सातव्या पडद्याच्या वर एकदाही गेली नाहीस. पेटीतली हवा कमी करून काय मिळणार?" खांदा गेला. "कानाकडचं भोक राहू दे. हळू वाजवणारीला आपलं आपल्याला ऐकू येईल." ते राहिलं. "चौथी तार खर्जाची म्हणजे?"

मी माझं चार हजाराचं काढून दाखवलं. उकुलेलेच्या चार तारा चढत्या क्रमाने नसतात. वरून पहिली जी, म्हणजेच चौथी तार, ती उंच. मग सी, सगळ्यांत खालची. मग ई, आणि ए. नवशिक्यांना हे विचित्र वाटतं, म्हणून पुष्कळ जण टेनरला जी खाली उतरवून घेतात, गिटारसारखं.

आत्याने ते हातात घेतलं. बाळंतिणीच्या खोलीतलं मूल घ्यावं तसं, जरा अवघडून. दोन तारा छेडल्या. पुन्हा छेडल्या.

"ही सी म्हणजे पांढरी एक ना? मग ही जी पंचम झाली. पंचम आधी, षड्ज मग." ती थांबली. "अगं, आपल्याही तारा सरळ चढत नाहीत. पंचम, मग दोन जोडाच्या, आणि खर्ज अगदी शेवटी, सगळ्यांच्या खाली. तिथून परत पंचमावर. हा फेरा मोडला तर काय उरलं?" तिने जी, सी, सी, सी असं अंगठा आणि मधल्या बोटाने चार-पाचदा फिरवलं. खेळण्याएवढ्या त्या पेटीतून जेमतेम तंबोऱ्याची आठवण यावी इतकंच निघालं. पण ती थांबली नाही. दोन मिनिटं तशीच वाजवत होती.

खर्जाची तार खोडली. सोनेरी खुंट्या मी स्वतःच खोडल्या. नथीवर ती काही बोलली नाही, म्हणून नथ राहिलीय. शेवटी तेविसातली पाच कलमं उरली. रेकॉर्डिंग मी तिथूनच पाठवून दिलं, कुकरच्या शिट्टीसकट.

"ऐंशी हजारांबद्दल माझं मत बदललेलं नाही," आत्या म्हणाली आणि मला शिडी आणायला सांगितली.

पाट जड होता. चार कोपऱ्यांत पितळी फुलं, हिरवट झालेली. मधोमध कुणाच्या तरी गरम पातेल्याचं वर्तुळ. खालच्या दोन आडव्या पट्ट्यांपैकी एक सैल. ओल्या फडक्याने पुसल्यावर आतला जांभळट काळा रंग वर आला आणि रेघा सरळ, दाट दिसायला लागल्या. पाट अठरा इंच लांब. मला चौदा इंच लांब, दोन इंच रुंद पट्टी पुरे होती. फुलं वाचवून मी कडेला पेन्सिलीने रेघ आखली.

आत्याने बोट ओलं केलं आणि रेघ पुसून टाकली.

"आख्खा पाठव. कुठून कापायचा ते तो ठोकून बघेल."

मग आतून गोणपाट आणि सुतळी आणली. पाट गुंडाळून झाला, गाठ मारताना तिने सुतळीवर बोट धरलं.

"आणि उरलेला परत पाठवायला सांग त्याला. लहानसा पोळपाट होतो त्याचा."